प्लॅन मोठा, तरी गेम अडकतो: घरातल्या इंटरनेटची रांग कुठे लागते?

गेल्या काही वर्षांत खान्देशात फायबर गल्लीबोळांत पोचलं. जळगाव-भुसावळचं सोडा, पाचोरा, चोपडा, शिरपूर, शहादा इथल्या कॉलन्यांमध्येही विजेच्या खांबावरून एक बारीक काळी वायर घरात येते आणि भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात शिरते. तिच्यासोबत घरोघरी एक नवं भांडणही आलं आहे. रात्रीचे नऊ वाजलेत. बैठकीत टीव्हीवर मॅच चालू आहे, आतल्या खोलीत पोरगा मोबाईलवर बीजीएमआय हा गेम खेळतोय. तो मध्येच ओरडतो, "पिंग वाढला! टीव्ही बंद करा!" (पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरकडे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारे मिलिसेकंद.) आजी स्वयंपाकघरातून विचारते, "काय व्हयनं रे?" आणि वडील म्हणतात, "शंभरचा प्लॅन घेतलाय, टीव्ही कशाला बंद करायचा?"

दोघांचंही खरं असतं. प्लॅन शंभर एमबीपीएसचाच (सेकंदाला शंभर मेगाबिट) असतो, स्पीड टेस्ट करून बघितली तर नव्वद-पंचाण्णव भरतोही. आणि गेमही खरोखरच अडकलेला असतो. केबलवाल्याला फोन केला की तो सांगतो, दोनशेचा घ्या. दोनशेचा घेतला तरी रात्री नऊला भांडण जागच्या जागी.

अशा बहुतेक घरांत वेग कमी पडत नसतो. गेमची माहिती कुठल्या तरी रांगेत अडकून पडलेली असते. ती रांग नेमकी कुठे लागली आहे हे शोधलं, तर महिन्याचं बिल न वाढवताही दोघांचं काम होऊ शकतं. शोधायला लागतो एक लॅपटॉप आणि थोडी चिकाटी.

आधी कोणाला किती लागतं ते बघू. नेटफ्लिक्स आपल्या ग्राहकांना फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे असल्याचं सांगतं. गेमची भूक याहून कितीतरी कमी. खेळाडू कुठे आहे, कुठे वळला, गोळी कधी झाडली एवढीच माहिती जाते-येते; चित्र तर मोबाईल स्वतःच रंगवतो. सेकंदाला वीस ते साठ छोटी पाकिटं (इंटरनेटवर माहिती अशा तुकड्यांत जाते), तीही बहुधा काहीशे बाइट्सची. सगळं मिळून अर्धा एमबीपीएससुद्धा क्वचितच लागतो. म्हणजे दोन टीव्हींवर फोर-के लावून शेजारी गेम खेळला, तरी शंभरातले साठ-सत्तर एमबीपीएस मोकळे राहायला हवेत.

पण गेमला लागते ती वेळेची हमी. साठ फ्रेमच्या खेळात एक फ्रेम पडद्यावर जेमतेम १६.७ मिलिसेकंद राहते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. रेल्वेच्या रुळांनी जळगाव ते मुंबई ४२० किलोमीटर होतं. केबल त्याच मापाची धरली तर प्रकाशाला जाऊन यायला चार मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरूनही, सर्व्हर मुंबईत असेल तर २०-३० मिलिसेकंदांत उत्तर परत यायला हवं. मग गेमच्या पडद्यावर पिंग ४०० दिसतो तेव्हा उरलेला वेळ जातो कुठे? मुंबई तर दूर सरकलेली नसते. तो सगळा वेळ थांबण्यात जातो.

रावेर-सावद्याकडे केळीच्या हंगामात रेल्वेचं फाटक बंद झालं की मालट्रकांची लांबलचक ओळ लागते. त्या ओळीच्या शेवटी डॉक्टर मोटारसायकलवर आले, तर त्यांना किती जागा लागते आणि गाडी किती जोरात पळते याला काही अर्थ उरत नाही. पुढे किती ट्रक आहेत यावर त्यांचा वेळ ठरतो. गेमचं छोटं पाकीट म्हणजे ती मोटारसायकल.

चार सेकंदांचा ठोका

व्हिडिओची माहिती नळाच्या पाण्यासारखी सलग वाहत येते असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. चित्रपट किंवा मॅच दोन ते दहा सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेली असते. टीव्ही एक तुकडा मागवतो, तो जमेल तितक्या जोरात येतो, मग टीव्ही थोडा वेळ गप्प राहतो आणि पुढचा तुकडा मागवतो. आकडे घालून बघा. फोर-के चित्राचे १५ एमबीपीएस धरले तर चार सेकंदांचा तुकडा ६० मेगाबिटचा होतो. शंभरच्या लाइनवर तो ०.६ सेकंदात उतरतो आणि पुढचे ३.४ सेकंद लाइन मोकळी. सरासरी काढली तर लाइन पंधरा टक्केच वापरात आहे. पण त्या ०.६ सेकंदात ती काठोकाठ भरलेली असते आणि नेमक्या त्याच वेळी गेमची पाकिटं तुकड्याच्या मागे उभी राहतात.

म्हणून पोरगा जे सांगतो त्यात तथ्य असतं: "सलग अडकत नाही, मध्येमध्ये झटका बसतो." स्पीड टेस्टमध्ये हा झटका दिसत नाही, कारण ती मोजते एकूण माल किती उतरला ते. आणि टीव्ही बघणाऱ्याला तो कळतच नाही, कारण त्याच्याकडे पुढच्या काही सेकंदांचं चित्र आधीच उतरवून ठेवलेलं असतं. गेमला असा साठा करता येत नाही; जी चाल अजून खेळलीच नाही ती आधी कशी मागवणार? एकाच घरात, एकाच वायरवर, एकाला काहीच जाणवत नाही आणि दुसऱ्याचा खेळाडू धावता धावता चार पावलं मागे खेचला जातो, त्याचं कारण हे आहे.

आता रांगेची लांबी. इंटरनेटवरचं भरलेलं पाकीट साधारण १,५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटचं असतं. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांत बरीच वर्षं अशी एक हजार पाकिटं रांगेत ठेवायची मुभा असे. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर हजार पाकिटं काढायला ०.१२ सेकंद, म्हणजे १२० मिलिसेकंद लागतात. लाइन वीसची असेल तर ६०० मिलिसेकंद. रांग तीच, वाट अरुंद झाली की थांबणं पाचपट.

एवढी मोठी रांग ठेवली कोणी आणि का, याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेपासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरापर्यंतचं जाळं अचानक कोलमडलं. अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड. वेग ३२ किलोबिटवरून घसरला तो थेट ४० बिटवर. किलोबिट नव्हे, नुसते बिट. वॅन जेकबसन यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला. माहिती पाठवणाऱ्या प्रत्येक संगणकाने हळूहळू वेग वाढवत न्यायचा. वाटेत पाकीट हरवलं की ती गर्दीची खूण समजायची आणि वेग कमी करायचा. आजचं इंटरनेट ज्या टीसीपीवर, म्हणजे माहिती पाठवण्याच्या नियमांवर, उभं आहे, त्याच्या पायात ही कल्पना आहे.

या कल्पनेत पाकीट हरवणं हा निरोप आहे. पुढे मेमरी स्वस्त झाली. यंत्रं बनवणाऱ्यांना वाटलं, पाकिटं हरवायचीच कशाला, सगळी साठवून ठेवू. हेतू चांगला होता. पण पाकीट हरवत नाही म्हटल्यावर पाठवणाऱ्याला निरोपच जात नाही. तो पाठवत राहतो, साठा भरत राहतो, आणि मागून आलेल्या प्रत्येकाला पूर्ण साठा रिकामा होण्याची वाट बघावी लागते. २०१० मध्ये जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला आपल्या घरच्या लाइनवर मोठ्या फायली चढवताना एका सेकंदाहून जास्त विलंब दिसला. त्यांनी तो पिच्छा पुरवून तपासला आणि या दुखण्याला बफरब्लोट हे नाव दिलं. बफर म्हणजे साठा, आणि तो फुगलेला. मला या कथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की जगभरातल्या घरांत बसलेला हा दोष कुठल्या मोठ्या यंत्रशाळेत सापडला नाही. घरचं इंटरनेट रडतंय याकडे एका जाणकार माणसाने दुर्लक्ष केलं नाही, म्हणून सापडला.

अमळनेरची पिंगची खिडकी

माझ्या मावशीचं घर अमळनेरला आहे. तिथे ही तपासणी करताना जे दिसलं ते सांगतो, कारण असंच तुमच्याही घरी करता येईल.

पिंग हा छोटा प्रोग्रॅम माइक मस यांनी १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिला. आजही निदानाला त्याच्याइतकं साधं हत्यार नाही. तो एक पाकीट पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते छापतो. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. एकीत राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला पिंग लावला. हा पत्ता डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. पत्त्यापुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि इंग्रजी टी टाकला की पिंग आपण थांबवेपर्यंत चालू राहतो.

घर शांत असताना पहिली खिडकी २, ३, २, २ दाखवत होती. दुसरी १८, १९, १८, २१. मग मावसभावाने टीव्ही लावला. पहिली खिडकी जवळजवळ तशीच राहिली. दुसरीत १८, १९, १४६, १९, १८, २०, १६१, १९ असा ठोका सुरू झाला. व्हिडिओचा तुकडा येतोय, हे आकड्यांतच दिसत होतं. तेवढ्यात मावशीने नातवाच्या लग्नातल्या हळदीचे व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकले आणि दुसरी खिडकी सरळ ४०० च्या वर जाऊन बसली. टीव्हीवरच्या चित्रात काडीचाही फरक नाही. आतल्या खोलीतून मात्र हाक आली.

या दोन खिडक्या म्हणजे निदानाचा गाभा आहे. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल, तर दुखणं घराच्या भिंतींच्या आत, वायफायमध्ये आहे. राउटरचा पिंग शांत आणि बाहेरचा मात्र कोणी काही चढवलं-उतरवलं की उसळतोय, तर रांग तुमच्या लाइनच्या तोंडाशी लागते आहे. आणि घरात कोणी काहीच वापरत नसताना बाहेरचा पिंग रोज रात्री चढत असेल, तर गर्दी ऑपरेटरकडे किंवा त्याच्याही पुढे आहे. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत. निदान न करता नवा राउटर आणला तर पैसे कुठल्या दुखण्यावर गेले हेच कळत नाही.

लॅपटॉप नसेल तर मोबाईलवर फास्ट डॉट कॉम उघडा. चाचणी झाली की अधिक माहितीचं बटण दाबा. तिथे लेटन्सीचे (उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचे) दोन आकडे येतात, एक लाइन मोकळी असतानाचा आणि एक भरलेली असतानाचा. मोकळ्या लाइनवर २० आणि भरलेल्या लाइनवर ४० असतील तर घर ठीक आहे. २० चे ३०० होत असतील तर रांग आहे.

हळदीच्या व्हिडिओंवरून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: माल चढवणारे लोक उतरवणाऱ्यांपेक्षा जास्त उपद्रवी ठरतात, आणि बहुतेकदा त्यांना पत्ताच नसतो. फोटोंचा बॅकअप चार्जरला फोन लावल्या लावल्या सुरू होतो. दारावरचा सीसीटीव्ही चोवीस तास क्लाउडवर चित्र पाठवत असतो. धुळे-चाळीसगावकडे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ बनवणारी पोरं घरूनच काही जीबीच्या फायली यूट्यूबवर चढवतात. ज्या लाइनवर चढवण्याचा वेग उतरवण्यापेक्षा कमी ठेवलेला असतो तिथे तर हा त्रास दुप्पट, कारण काही उतरवतानाही आपल्या बाजूने "मिळालं, पुढचं पाठव" अशा पोचपावत्या जाव्या लागतात. त्या पावत्याच रांगेत अडकल्या की उतरणारा व्हिडिओही मंदावतो.

वायफाय, धाब्याची भिंत आणि मे महिना

राउटरचा पिंगच उडत असेल तर प्लॅनचा विचार बाजूला ठेवा. वायफायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि हवा मोकळी झाली की आपला नंबर लावायचा. त्यामुळे इथे मोजायचा तो हवेतला वेळ. पाच एमबीपीएसच्या व्हिडिओचा चार सेकंदांचा तुकडा २० मेगाबिटचा. टीव्हीला चांगला सिग्नल असेल आणि तो २०० च्या वेगाने बोलत असेल, तर हवा ०.१ सेकंद अडते. तोच टीव्ही दोन भिंतींपलीकडे कसाबसा २० च्या वेगाने बोलत असेल, तर तेवढ्याच तुकड्याला अख्खा एक सेकंद लागतो. राउटर हवेचा वेळ नीट वाटून देत नसेल, तर तेवढा वेळ राउटरला चिकटून बसलेल्या मोबाईलच्याही वाट्याचा जातो. घरातलं सर्वांत संथ यंत्र सगळ्यांना आपल्या चालीवर आणतं.

म्हणून माझा पहिला सल्ला थोडा उलटा वाटेल: गेमच्या मोबाईलच्या मागे लागू नका, टीव्हीला केबल लावा. मोबाईलला केबल लावणं अवघड, टीव्ही मात्र जागचा हलत नाही. साध्या लॅन केबलने शंभर मीटरपर्यंत काम होतं. बऱ्याच टीव्हींचा लॅनचा सॉकेट शंभर एमबीपीएसचाच असतो, पण पंधराच्या व्हिडिओला तो भरपूर झाला. सर्वांत जास्त माल उतरवणारं यंत्र हवेतून खाली उतरलं की हवा गेमसाठी मोकळी होते.

मग मोबाईल वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. कॉलनीत एका भिंतीला दुसरी भिंत लागून घरं असली की मोबाईलवर पंधरा-वीस वायफायची नावं दिसतात, आणि ती सगळी त्या तीन चॅनलांत दाटीने बसलेली असतात. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे, पण तो भिंतीपुढे लवकर हात टेकतो. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांतल्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या. उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात, वायफायला मात्र पार दाबून टाकतात. अशा घरात गेम खेळायच्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा अॅक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारा डबा) बसवणं हा खरा उपाय. मधल्या खोलीत बसवलेला बिनतारी रिपीटर स्वस्त पडतो, पण तो साधा असेल तर तेच पाकीट त्याच हवेतून दोनदा बोलतो, आणि हवेचा वेळ दुप्पट जातो.

आता कूलर. मे महिन्यात खान्देशातल्या बहुतेक घरांच्या खिडकीत पत्र्याचा मोठा कूलर बसतो, आत पाण्याची टाकी आणि ओल्या जाळ्या. पत्रा रेडिओलहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. राउटर कूलरच्या मागच्या कोनाड्यात असेल, तर मार्चपर्यंत चाललेलं वायफाय एप्रिलमध्ये का बिघडलं याचं उत्तर तिथेच उभं असतं. लोखंडी कपाटावर किंवा कपाटामागे ठेवलेल्या राउटरचंही तेच.

आणि ऊन. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात कामाचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर चढवून ठेवलेला, वरून रुमाल झाकलेला राउटर किती तापत असेल विचार करा. चिप तापली की काही यंत्रं स्वतःहून वेग कमी करतात, काही मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात. दुपारी बिघडणारं आणि रात्री उशिरा सुधारणारं नेट दिसलं, तर राउटरला हात लावून बघा. रुमाल काढा, डबा भिंतीवर उभा टांगा, चहूबाजूंनी हवा लागू द्या. याला एक पैसा लागत नाही.

रांग आपल्या हातात घ्यायची

वायफाय ठीक आहे आणि तरी लाइन भरली की पिंग उसळतोय, तर मूळ दुखण्याला हात घालावा लागतो. यावरचं शास्त्र फार सुंदर आहे.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि वॅन जेकबसन (तेच, १९८८ चे) यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. त्याआधी लोक रांगेत किती पाकिटं आहेत ते मोजायचे. या दोघांनी सांगितलं, लांबी मोजू नका. प्रत्येक पाकीट आत किती वेळ थांबलं ते मोजा. क्षणभर रांग लागणं वाईट नाही, ती लगेच विरते. पण थांबण्याचा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या खाली आलाच नाही, तर ती जुनाट रांग आहे. मग एखादं पाकीट मुद्दाम टाकून द्यायचं. पाठवणाऱ्याला निरोप मिळतो आणि तो वेग आवरतो. त्याच वर्षी एरिक ड्युमाझे यांनी याला जोड दिली: सगळ्यांची एकच रांग न ठेवता प्रत्येक प्रवाहाची (टीव्हीचा व्हिडिओ, गेम, बॅकअप अशा प्रत्येकाची) वेगळी रांग करायची, साधारण १,०२४ पर्यंत, आणि पाळीपाळीने प्रत्येकातून थोडं थोडं काढायचं. ज्या प्रवाहाची पाकिटं तुरळक येतात त्याला आधी सोडायचं. गेमची पाकिटं तुरळकच असतात. त्यामुळे "हा गेम आहे" असं कोणी सांगावं लागत नाही. टीव्हीच्या रांगेत कितीही माल साचला तरी गेम आपल्या वाटेने निघून जातो. ही जोडपद्धत एफक्यू-कोडेल म्हणून लिनक्समध्ये २०१२ पासून आहे. तिची पुढची आवृत्ती केक २०१८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली. या सगळ्याचा प्रसार करण्यासाठी डेव्ह टाट यांनी वर्षानुवर्षं जीव ओतून काम केलं.

पण यात एक मेख आहे. ही हुशार रांग तुमच्या राउटरमध्ये असून भागत नाही. गर्दी तिथेच व्हायला हवी. चढवताना गर्दी ऑपरेटरने दिलेल्या डब्यात होते आणि उतरवताना ऑपरेटरच्या टोकाला, जिथे तुमचा प्लॅन शंभरवर आवळलेला असतो. म्हणून राउटरला सांगायचं की लाइन खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी आहे असं समज. लाइन ९४ मोजली तर ८५ लिहायचं, दोन्ही दिशांना. आता सर्वांत अरुंद जागा तुमचा राउटर होतो, रांग त्याच्या दारात लागते आणि ती कशी हलवायची हे त्याला ठाऊक आहे. उतरणाऱ्या बाजूलाही हे चालतं, कारण राउटरने एखादं पाकीट टाकलं की पलीकडचा सर्व्हर स्वतःच वेग आवरतो. दहाएक टक्के वेग सोडायचा आणि बदल्यात ४०० चा पिंग ३० वर. माझ्या मते घरच्या इंटरनेटवर यापेक्षा चांगला सौदा नाही.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर हे एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे हुशार रांग) या नावाने असतं. ओपनडब्ल्यूआरटी या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या राउटरांत ते उत्तम चालतं. नुसतं क्यूओएस (क्वालिटी ऑफ सर्व्हिस) लिहिलेलं असेल तर खात्री करून घ्या. जुन्या क्यूओएसमध्ये एखाद्या यंत्राला अग्रक्रम देता येतो, पण एकूण वेगाची मर्यादा घातली नाही तर रांग पुढच्या डब्यातच राहते आणि अग्रक्रमाचा उपयोग होत नाही. शिवाय या मोजणीला प्रोसेसरची ताकद लागते. स्वस्त राउटर दोनशे-तीनशेच्या लाइनवर धापा टाकू शकतो. तिथे लाइन शंभरचीच ठेवून रांग नीट राखणं शहाणपणाचं.

राउटर बदलणं जमणार नसेल तर हाताने आवर घाला. टीव्हीवरच्या अॅपमध्ये चित्राची प्रत फोर-केवरून एचडीवर आणा. बत्तीस इंची टीव्हीवर सोफ्यावरून फरक दिसणं कठीणच. तुकडे लहान झाले की ठोकाही लहान होतो. बॅकअप रात्री उशिराच्या वेळेवर ढकला, सीसीटीव्हीचं चित्र क्लाउडऐवजी घरच्या मेमरी कार्डावर साठवा.

तिसरं दुखणं, म्हणजे घर शांत असतानाही रात्री चढणारा पिंग, तुमच्या हातात नाही. पुरावा मात्र तुमच्या हातात आहे. फायबरच्या जीपीऑन पद्धतीत एका तंतूवरचे सुमारे २.५ जीबीपीएस वाटणी करून ३२ किंवा ६४ घरांना दिले जातात, आणि तिथून पुढे ऑपरेटरची स्वतःची बाहेरची वाट असते. संध्याकाळी सगळी कॉलनी एकदम मॅच लावते तेव्हा यातली एखादी जागा दाटते. दुपारी तीन आणि रात्री नऊ, दोन्ही वेळेचे पिंगच्या खिडकीचे फोटो काढून ऑपरेटरला पाठवा. "नेट स्लो आहे" या तक्रारीला तो राउटर बंद करून चालू करायला सांगेल. "राउटरला २, बाहेर दुपारी १८, रात्री १४०" या तक्रारीला त्याला उत्तर शोधावं लागतं.

काही विलंब मात्र कोणालाच काढता येत नाही. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल, तर मुंबईपासून तिथपर्यंतचं सरळ अंतरच सुमारे ३,९०० किलोमीटर. प्रकाशाला जाऊन यायला ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही. गेमिंग राउटरवरचे रंगीत दिवे हे अंतर कमी करत नाहीत. गेममध्ये सर्व्हर निवडता येत असेल तर जवळचा निवडणं एवढंच करता येतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे सातपुड्याच्या कुशीत जिथे मोबाईलच्या टॉवरवरच नेट चालतं, तिथे लाइनचा वेगच मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे ठरावीक मर्यादा लिहून भागत नाही. तिथे व्हिडिओची प्रत ४८० वर ठेवणं जास्त कामाला येतं.

एफक्यू-कोडेल मोफत आहे, खुलं आहे, २०१८ पासून इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदलेलं आहे. तरी आपल्याकडे जोडणीसोबत भिंतीवर बसवल्या जाणाऱ्या डब्यांत त्याची सेटिंग सहसा ग्राहकाला दिसत नाही. ती दिसायला लागायची तर मागणी व्हायला हवी. पुढच्या वेळी प्लॅन वाढवायचा फोन आला, तर दोन प्रश्न विचारा. तुमच्या डब्यात एसक्यूएम आहे का? आणि नसेल, तर मी माझा राउटर लावतो, तुमचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसती लाइन पुढे देईल असा, टाकून देता का?